सात आठवडे वजा

घरात एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर तीन आकडे आहेत: वजन १८४० ग्रॅम, लांबी ४३ सेंटिमीटर, डोक्याचा घेर ३०. खाली ‘३३ आठवडे’ असं लिहून मी त्यावर दोनदा रेघ ओढलेली दिसते. का ओढली ते आता आठवत नाही. लेक सात आठवडे आधी आली, एवढाच त्याचा अर्थ.

गरोदरपणात मी भरपूर वाचलं होतं. चार-पाच महिन्यांत वजन दुप्पट, वर्षाला तिप्पट, वर्षभरात उंची साधारण पंचवीस सेंटिमीटरनी वाढते, दीड-दोन महिन्यांत हसू, चौथ्यात मान, सातव्या-आठव्यात बसणं. हे सगळं मला पाठ होतं. फक्त ते पूर्ण दिवसांच्या बाळांचं होतं. आमच्या बाळाला लावायला गेलं की उत्तर चुकायचं. कुठे चुकतंय हे डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यात सांगितलं. मला ते अंगी लागायला उरलेलं वर्ष गेलं.

पहिले एकोणीस दिवस ती पेटीत आणि पेटीबाहेर, पण हॉस्पिटलातच होती. चौथ्या दिवशी वजन १६९० वर आलं. दीडशे ग्रॅम कमी! मी रडायला लागले तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “अहो, अंगातलं जादाचं पाणी उतरतं. सगळ्यांचंच उतरतं.” खरंच, पूर्ण दिवसांची बाळंसुद्धा पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरतात आणि दहा दिवस ते दोन आठवड्यांत भरून काढतात. आमची बाराव्या दिवशी १८४० वर परत आली. त्या दिवशी मी वहीत फक्त ‘१८४०’ एवढंच लिहिलंय. पण अक्षर मोठं आहे.

दूध पिणं ही शिकायची गोष्ट असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका लयीत बसवावी लागतात, आणि ती लय पोटात साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमू लागते. आमची त्याच्या आधीच बाहेर. त्यामुळे सुरुवातीला नाकातून नळी, मग चमच्याने, आणि मधेमधे नुसतं छातीशी धरून चोखायचा सराव. तीन घोट चोखले की श्वास घ्यायला थांबायची आणि तेवढ्यात झोपून जायची. मी म्हणायचे, दमली. सिस्टर म्हणायच्या, दमलीच आहे, पोरीचं दिवसभराचं काम झालं.

छातीशी धरणं मात्र मला पहिल्या दिवसापासून जमलं. कांगारू केअर म्हणतात त्याला. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी, आपली उघडी छाती, वरून दुपटं. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली, कारण तिथे पेट्या पुरत नव्हत्या आणि बाळं आजारी पडत होती. अडचणीतून निघालेला हा उपाय पुढे इतका उपयोगी ठरला की आता जागतिक आरोग्य संघटना अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच, दिवसाचे आठ ते चोवीस तास असं धरा म्हणते. लवकर आलेल्या बाळाच्या अंगावर ऊब धरणारी चरबी फारशी नसते. गार पडू नये म्हणून ते खाल्लेलं सगळं जाळत बसतं. आपल्या छातीची ऊब मिळाली की तेच दूध वजनात जातं. नवऱ्यानेही धरली. त्याच्या छातीवर ती जास्त शांत झोपायची, याचं मला थोडं वाईट वाटायचं. थोडं काय, बरंच.

दोन किलो तीस ग्रॅमवर घरी आलो.

मग सुरू झाला आकड्यांचा खेळ, आणि तो मीच सुरू केला. फोनवर वाढीचा तक्ता काढणारं एक ॲप घेतलं. जन्मतारीख टाकली, वजन टाकलं, की ठिपका दाखवतं. तीन महिने पूर्ण झाले त्या दिवशी वजन भरलं ४ किलो ३०० ग्रॅम. ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली पडला. त्या रेघेचा अर्थ मी वाचला: शंभर निरोगी मुली वजनानुसार ओळीने उभ्या केल्या तर आपली शेवटच्या तिघींच्याही मागे. रात्रभर झोपले नाही. ती मात्र छान झोपली.

सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी फोन बघितला आणि विचारलं, “यात पूर्ण दिवस भरायची तारीख कुठे टाकलीत?”

कुठेच टाकली नव्हती. ॲपने विचारलंच नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

त्यांनी कागदावर गणित मांडलं. तीन महिने म्हणजे तेरा आठवडे. त्यातून सात वजा. उरले सहा. सहा आठवड्यांची मुलगी, वजन ४.३ किलो. त्या वयाच्या मुलींचं मधलं वजन ४.६ च्या आसपास असतं. तोच ठिपका उचलून सहा आठवड्यांवर ठेवला, तर मधल्या रेघेच्या जरा खाली, चांगला गर्दीत उभा. बाळ तेच, वजन तेच. याला ते करेक्टेड एज म्हणतात आणि साधारण दोन वर्षांची होईपर्यंत वाढ आणि विकास त्यावरच मोजायचा म्हणाले. नवऱ्याने घरी येईपर्यंत त्याचं नाव पाडलं होतं: वजा वय.

त्याच आठवड्यात ती हसली. झोपेतलं ओठ वाकवणं नव्हे, माझ्याकडे बघून, डोळ्यांसकट. तीन महिन्यांची होऊनही हसत नाही म्हणून मी मनातल्या मनात कायकाय रोग लावून ठेवले होते. वजा वय सहा आठवडे. अगदी वेळेवर.

त्यानंतर वहीत दोन रकाने झाले. डावीकडे कागदावरचं वय, उजवीकडे वजा वय. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. पण प्रत्येक गोष्ट वजा वयानेच चालत नाही, ही त्यातली गंमत. लसी जन्मतारखेनुसार. त्यात सात आठवडे थांबलात तर ज्या बाळाला जास्त धोका त्याचंच संरक्षण उशिरा सुरू होतं. वजन, लांबी, मान धरणं, बसणं हे वजा वयानुसार. लोहाचे थेंब तिला पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा बरेच आधी सुरू झाले, कारण आईकडून लोहाचा मोठा साठा शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो आणि तिने ते दुकान अर्ध्यावर बंद केलं होतं. आणि वरचं अन्न कधी, यावर मी दोन्ही रकाने घेऊन गेले, तर डॉक्टरांनी दोन्ही बाजूला ठेवले आणि तिला माझ्या मांडीवर बसवून मानेकडे बघत राहिले. मान ताठ राहते का, चमचा दिसला की तोंड उघडते का, जिभेने बाहेर ढकलते का. “अजून दोन आठवडे,” म्हणाले. दोन आठवड्यांनी सुरू केलं, ते सुरळीत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळ्यांसारखंच अर्धं पोटात, अर्धं केसांत.

नातेवाइकांना हे दोन वयांचं प्रकरण समजावणं मी लवकरच सोडून दिलं. “किती महिन्यांची?” असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघायचे. पुढचा प्रश्न ‘अजून पालथी पडत नाही?’ असा येणार वाटलं की वजा वय सांगायचे. लस द्यायच्या रांगेत कागदावरचं. खरी लबाडी मात्र मी स्वतःशीच करत होते. ज्या वयाने जास्त भीती वाटेल तेच वय त्या दिवशी खरं धरायचं, असा माझा नियम होता. बहिणीने एकदा तोंडावर सांगितलं तेव्हा कळलं.

लांबी मोजण्याबद्दल थोडं सांगते, कारण त्यात मी एक महिना उगाच घालवला. घरी मी तिला गादीवर ठेवून शिवणकामाच्या टेपने मोजायचे. चौथ्या महिन्यात मोजली ती तिसऱ्यापेक्षा एक सेंटिमीटरने कमी भरली. बाळ आखडलं! दोन वर्षांच्या आतल्या मुलांची लांबी आडवं ठेवूनच मोजतात, पण त्यासाठी पाटासारखं साधन असतं: डोक्याकडे घट्ट फळी, पायाकडे सरकती. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे. दोन माणसं लागतातच. मऊ गादी, एकटी आई आणि सायकल चालवणारे पाय, यात दीड-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे व्हायला वेळ लागत नाही. टेप मी कपाटात टाकली.

डोक्याचा घेर मात्र डॉक्टर दर वेळी टेपनेच मोजत, भुवयांच्या वरून ते मागच्या फुगवट्यापर्यंत, तीनदा, आणि सगळ्यात मोठा आकडा लिहीत. मला वजनाची काळजी, त्यांना डोक्याची. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर पहिले तीन महिने महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने एक, आणि मग वर्षापर्यंत अर्धा असा वाढतो. मेंदू वाढतो म्हणून कवटी वाढते. लवकर आलेली बाळं मागे पडलेलं भरून काढतात तेव्हा बहुतेकदा आधी डोकं पुढे जातं, मग वजन, मग लांबी. त्यामुळे मधे काही आठवडे आमची लेक म्हणजे काडीवर ठेवलेलं कलिंगड दिसायची. फोटो आहेत, पण ते मी कुणाला दाखवत नाही.

मधले महिने जरा भरभर सांगते. दार आपटलं की दोन्ही हात फेकून दचकायची. ती घाबरट आहे असं सासूबाई म्हणत, मी म्हणे नाही. तो जन्मजात प्रतिसाद असतो, वजा वयाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात आपोआप गेला. वजा चारला मान धरली. साडेपाचला पालथी पडली आणि मग उताणं कसं व्हायचं हे न सुचल्यामुळे रात्री दोन वाजता मदतीला हाका. झोपवताना आम्ही तिला कायम पाठीवरच ठेवायचो. पोटावर ठेवायचं ते जागेपणी, आम्ही समोर असताना. सुरुवातीला हे पोटावरचं खेळणं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं नाक घासणं आणि पाच मिनिटांचा निषेध. मान आणि खांदे त्यातूनच घडले, पण.

वजा सहाच्या सुमाराला आमच्याकडे एक आनंदाची बातमी फिरू लागली: मुलगी डावखुरी आहे. नणंदेच्या लक्षात आलं पहिल्यांदा. खुळखुळा पुढे केला की डावा हात पुढे. चमचा डाव्या हाताने हिसकावणार. मी कौतुकाने डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. वर्षाच्या आत बाळाने एकच हात जास्त वापरला, तर ते कौतुक नसतं. दुसऱ्या हातात काही कमी आहे का हे तपासायचं असतं. खोलीत अचानक खूप शांत झालं. त्यांनी तिला गालिच्यावर बसवलं, उजवीकडून खेळणं दिलं, मग डावीकडून, मग डावा हात हलकेच धरून ठेवून समोरून. उजवा हात आला. दोन्ही हातांची मूठ उघडायला लावली, दंड आणि मनगट हलवून बघितलं. मग मला म्हणाले, “जरा कडेवर घ्या हिला.”

घेतली. नेहमीसारखी डाव्या कडेवर, कारण उजव्या हाताने मला कामं करायची असतात. तिचा उजवा हात माझ्या पाठीमागे अडकला आणि डावा हात समोर मोकळा राहिला.

महिनाभर मी तिला आळीपाळीने उजव्या कडेवर घेतलं. भाजी चिरता येईना, फोन पडायचा, पण डावखुरेपण गेलं. तपासणी मात्र डॉक्टरांनी पुढच्या दोन भेटींतही परत केली, आणि तेव्हाच मी विचारून घेतलं की कशाची वाट बघायची आणि कशाची नाही. वजा वय धरूनही तीन महिने झाले आणि माणसाकडे बघून हसत नाही. पाचव्या महिन्यात मान लटकते. नऊ महिने झाले आणि आधाराशिवाय बसत नाही. अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतं. आवाजाकडे वळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आलेली गोष्ट परत गेली, म्हणजे हसणारं बाळ हसायचं थांबलं, बडबडणारं गप्प झालं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता या, असं त्यांनी सांगितलं. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. त्याने मला धीरच आला. घाबरण्याची यादी ठरली की बाकीच्या गोष्टींना घाबरायला कारण उरत नाही. निदान उरू नये.

उरलं, अर्थात. वजा सात ते आठ या महिन्यात वजन फक्त नव्वद ग्रॅम वाढलं. सुरुवातीला ती दिवसाला तीस ग्रॅम वाढायची, आणि आता महिन्याला नव्वद! त्यातून सर्दी झालेली, खाणं अर्ध्यावर. आधी कळलं की दुसऱ्या सहामाहीत वेग मंदावतोच. पहिल्या तिमाहीचा वेग टिकला असता तर वर्षाला पोरगी उचलायला दोघं लागले असते. पण नव्वद कमीच होते. मग डॉक्टरांनी आधीची नोंद कुठली ते विचारलं. मागचं वजन आम्ही दुसरीकडे, स्वेटर, पायमोजे आणि रात्रभराचा डायपर यांच्यासकट केलं होतं. भिजलेला डायपर एकटाच दोनशे ग्रॅमपर्यंत भरू शकतो. म्हणजे ‘मागचा’ आकडाच फुगलेला. तोच काटा, उघडं अंग, असं ठरवून तीन आठवड्यांनी परत वजन केलं, तेव्हा रेघ पुन्हा आपल्या वाटेला लागली होती. एका ठिपक्यावरून काही ठरवू नका, तीन ठिपके जोडून बघा, असं ते म्हणाले. पण सलग दोन मोठ्या रेघा ओलांडून खाली गेली तर मात्र कारण शोधायचंच.

हे तक्ते कुणाच्या मुलांवरून बनवले, हेही मी तेव्हाच विचारलं, जरा चिडूनच. आता वापरतात ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. सगळी आईच्या दुधावर वाढलेली, आई धूम्रपान न करणारी, नीट काळजी मिळालेली. वाढीला अडथळा नसला की सहाही देशांतली बाळं जवळजवळ सारखीच वाढतात असं त्यातून दिसलं. ‘आपल्याकडची मुलं बारीकच असतात’ हे वाक्य मी तेव्हापासून सोडलं.

त्याच अभ्यासात मुलं कधी बसतात, रांगतात, चालतात याच्याही नोंदी आहेत, आणि त्या वाचून मला पहिल्यांदा हसू आलं. निरोगी मुलं आधाराशिवाय बसतात ती ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही. एकटी चालतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांत. एवढी मोठी खिडकी! आणि शंभरातली चार मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. आमची त्या चारांतली निघाली. वजा साडेसातला बसायला लागली आणि तिथून पुढे एक पाय मुडपून, एक हात टेकवत, बुडावर घासत घासत सगळ्या घरभर. फरशी पुसायची वेगळी गरजच राहिली नाही. बुडावर सरकणारी मुलं बरेचदा जरा उशिरा चालतात, हेही कळलं. बरं, म्हटलं.

वजा नऊच्या आसपास ती मला सोडेना. आधी मी खोलीतून गेले की तिच्या लेखी संपलेच होते. आता मी दाराआड असते हे तिला कळायला लागलं, आणि कळलं म्हणून रडायला लागली. खेळणं दुपट्याखाली लपवलं की दुपटं ओढून शोधायची, हे त्याच आठवड्यातलं. एकाच गोष्टीची ही दोन टोकं आहेत हे मला फार उशिरा लक्षात आलं. तोवर मी न्हाणीघराचं दार उघडं ठेवून अंघोळ करत होते.

कागदावरचं वर्ष भरलं त्या आठवड्यात तपासणीला गेलो. वजन ८ किलो १००, लांबी ७१, डोकं साडेचव्वेचाळीस. वजन तिप्पट व्हायचं, ते चौपटीच्या वर गेलं होतं. वाचलेला तो नियमही तिने मोडलाच. डॉक्टरांनी विचारलं, “वय?” मी “एक वर्ष” म्हणाले आणि नवरा त्याच क्षणी “साडेदहा महिने” म्हणाला. डॉक्टर काहीतरी लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. टेबलाच्या कडेला धरून ती उभी होती. मोजायची टेप कडेवरून लोंबत होती, तिचं टोक तिने आधी बोटाने ढकलून बघितलं, मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलं. उजव्या हाताच्या. मग डाव्या हातानेही ओढलं, तोल गेला, बुडावर बसली आणि टेप तोंडात.

ती सोडवून घ्यायला तिघांना दोन मिनिटं लागली.